बटणाखालची ओळ

प्रिय खारूताई,

जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, म्हणजे आम्ही दोघंच. अक्षर मोठं काढलंय म्हणून कागद जास्त लागले; एका पानावर जेमतेम दहा ओळी मावतात. हे फोनवर सांगता आलं असतं, पण हल्ली तू मला ‘काळजी घ्या’ एवढंच म्हणतेस आणि फोन आईकडे द्यायला सांगतेस. तुझं काही चुकत नाही. तुझ्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून लिहून काढतो. लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस. या वेळी तसं करू नकोस.

आधी माझी लबाडी सांगतो. माझ्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. आई तुझ्याकडे एकटी आली तेव्हा तिने सांगितलं, की निघताना बाबा पायरीवरून घसरले. ती पायरी, ते घसरणं, तो शेकायचा पट्टा, सगळं मी विमानतळावर उभ्या उभ्या रचलं आणि तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. आईला खोटं बोलता येत नाही, तोंड उघडण्याआधीच तिचे कान लाल होतात. म्हणून तर तुझ्या खाटेजवळ तिने मान वर न करता, बाळाच्या दुपट्याची घडी घालत ते सांगितलं असणार. तू पुढे म्हणालीस, “बाबांना नातीपेक्षा गुडघा मोठा.” आईने ही गोष्ट माझ्यापासून लपवली. जावईबापूंनी सांगितली, अगदी भाबडेपणाने, मला हसू येईल म्हणून. मी हसलोही. मग फोन ठेवला आणि वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

आता खरं काय झालं ते ऐक. तुझे दिवस भरत आले तसं मी तिकिटांचं बघायला लागलो. आईचा पहिलाच विमानप्रवास. इतर कंपन्यांचे दर परवडेनात, तेव्हा छापखान्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने ही स्वस्तातली कंपनी सुचवली. तो म्हणाला, “तिकीट स्वस्त असतं, पण बारीक अक्षर वाचून घ्या.” हे त्याने मला सांगावं, याचंच मला हसू आलं. सदतीस वर्षं मी दुसरं काय केलं? औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेले कागद, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांतले, मी डोळ्यांत तेल घालून तपासले. खोकल्याच्या औषधाच्या कागदावर ‘अर्धा चमचा’चं ‘आठ चमचे’ झालेलं मी मशीन सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पकडलं होतं, ती गोष्ट तुला पाठ आहे, कारण मी ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली. तेव्हापासून छापखान्यात मला ‘घार’ म्हणायचे. घारीला बारीक अक्षराची भीती कोण घालणार?

तरी मी निष्काळजीपणा केला नाही. चार संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो. पिशवी केवढी चालते, वजन किती, कात्री नेता येते का, आईची शिवणाची सुई चालेल का, सगळं वाचलं. पानोपानी त्यांचं काहीतरी विकणं चाललेलं. पाय लांब करायचे असतील तर जादा पैसे, खिडकी हवी तर जादा पैसे, तेही नारिंगी रंगात, पानभर मोठ्या अक्षरांत. ते सगळं मी नको नको म्हणत पुढे गेलो. स्क्रीनच्या मधोमध जरा मळकट दिसत होतं, म्हणून चष्मा पुसला, मग आईचं शिवणाचं फडकं घेऊन स्क्रीनही पुसली. शेवटी पैसे भरले, ईमेल आला, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. फिक्या शाईत छापल्याबद्दल त्या दुकानदाराला दोन शब्द सुनावलेही. मग दोन्ही कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवले आणि आईला म्हटलं, आता तू फक्त बसायचं काम कर.

ज्या सकाळी आम्ही निघालो, त्याच सकाळी जावईबापूंचा फोन आला की तुला दाखल केलंय. दोन महिने जागून शिवलेली सात झबली आईने पिशवीतून काढून पुन्हा मोजली. दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मी आदल्याच दिवशी जावईबापूंच्या खात्यात पाठवले होते, त्यामुळे त्या बाजूने मी निश्चिंत होतो. विमानतळावर आम्ही सव्वातीन तास आधी पोचलो. पण पाटी बघून ज्या रांगेत उभे राहिलो ती भलत्याच कंपनीची निघाली. मी पाटी लावणाऱ्याला नावं ठेवली आणि आम्ही आमच्या रांगेत गेलो.

काउंटरवरची मुलगी सभ्य होती. तिने विचारलं, “काका, ऑनलाइन चेक-इन केलंय ना?” मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, “हे तिकीट झालं. चेक-इन वेगळं. ते घरून केलं तर फुकट असतं, इथे केलं तर माणशी पैसे पडतात.” आणि तिने आकडा सांगितला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तिने तोच आकडा सांगितला, आणि मग दोघांचा मिळून किती होतो तेही सांगितलं. बाळ, आमची दोन तिकिटं त्याहून स्वस्त होती. म्हणजे विमानाने तुझ्यापर्यंत पोचायला जेवढे लागत होते, त्याहून जास्त पैसे आमची नावं एका चिठ्ठीवर छापून घ्यायला लागत होते. मी म्हटलं, मग आता करतो की फोनवर, इथेच. ती म्हणाली, “ते सुटायच्या तीन तास आधी बंद होतं. अकरा मिनिटं झाली बंद होऊन.”

मी वाद घातला. कुठे लिहिलंय दाखव, म्हणालो. ती म्हणाली, “लिहिलेलं असतं, काका. सगळ्यांना हेच वाटतं, की नव्हतं.” खरंच सगळ्यांनाच वाटत होतं. शेजारच्या काउंटरवर एक जोडपं एकमेकांवर खेकसत होतं, तू वाचायचं होतंस, नाही तू वाचायचं होतंस. एक बाई पिशवीवर बसून फोनवर कोणाकडे तरी उसने मागत होती. एक धिप्पाड माणूस पैसे भरून निघाला होता, पण दर चार पावलांवर वळून काउंटरकडे बघत होता, जणू तिथे त्याचं काहीतरी राहिलंय. मी कार्ड दिलं. खिशातल्या नोटा काढल्या, आईने तिच्या छोट्या पाकिटातल्या काढल्या. सगळं मिळून एकाचेच झाले. त्या मुलीने मागच्या रांगेकडे बघितलं आणि खाली बघत म्हणाली, “एकाचं करू का? लवकर सांगा, मागे लोक थांबलेत.”

आई लगेच म्हणाली, “तुम्ही जा. तुम्ही नऊ महिने दिवस मोजताय.” मी म्हटलं, “मी जाऊन तिथे काय करणार? दाराबाहेर फेऱ्या मारणार. तिला तू हवीस.” ती म्हणाली, “मला एकटीला नाही जमायचं, अहो. मी कधी लिफ्टमध्येही एकटी गेले नाही.” मग मीच तिचं नाव सांगितलं. जावईबापूंना पैसे मागता आले असते, हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण तू तिकडे कळा देत असताना मी विमानतळावरून त्यांना फोन करून सांगायचं काय, की सदतीस वर्षं अक्षरं तपासणाऱ्या सासऱ्याला एक ओळ वाचता आली नाही? जीभ उचलली नाही. पुढे तपासणीच्या दोरीपाशी आईने विचारलं, विमानात खुर्चीचा पट्टा कसा बांधायचा असतो? मी पिशवीचा बंद तिच्या कमरेभोवती घेऊन तिला खटका लावायला आणि सोडायला शिकवला. लोक बघत होते. तिने दोनदा करून दाखवलं, शाळेतल्या मुलीसारखं, आणि मग गुडघ्याची गोष्ट दोनदा म्हणून दाखवली. गर्दीत तिची पाठ दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभा होतो. पहारेकऱ्याने येऊन विचारलं, कोणाला सोडायला आलात का? मी म्हटलं, हो.

आता जे सांगतो त्याची मला जास्त लाज वाटते. घरी आलो, इस्त्रीचा सदरा न बदलता टेबलाशी बसलो आणि तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. त्या संध्याकाळी तू आई झालीस. जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी ‘फसवणूक’ या शब्दाखाली दुसरी रेघ ओढत होतो. पुढचे सहा आठवडे मी तेच केलं. त्यांचं उत्तर आलं, तर त्यातल्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. मी ठासून लिहिलं, की कोणत्याही पानावर, कोणत्याही ईमेलमध्ये या पैशांची सूचना नाही, मी जन्मभर प्रुफं तपासलीत, मला शिकवू नका. निवृत्तिवेतन जमा झाल्यावर दुसरं तिकीट काढून तुझ्याकडे यायला मला कोणी अडवलं नव्हतं. तू तिसऱ्या आठवड्यात विचारलंसही, “बाबा, आता चालता येतंय ना?” मी म्हटलं, अजून थोडं दुखतंय. जिंकल्याशिवाय, त्यांच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय यायचं नाही, असं डोक्यात बसलं होतं. घारीच्या नजरेतून ओळ सुटली, हे मला सहन होत नव्हतं.

आई परत आली. तिने सदऱ्यांच्या कॉलरवरचे डाग बघितले, मी चुकीच्या जोडीचे घातलेले मोजे बघितले, आणि सगळं भिजत घातलं. दोन आठवड्यांनी कंपनीच्या शहरातल्या कार्यालयातून बोलावणं आलं. मी आईला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं. तिसऱ्या मजल्यावरची छोटी खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर विमानाचं चित्र. अधिकारी बाई तुझ्याच वयाच्या असतील. माझं लाल शाईतलं पत्र त्यांच्या पुढ्यात होतं आणि त्यांनी ते मन लावून वाचलेलं दिसत होतं, कारण त्या बोलताना फार जपून शब्द वापरत होत्या. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. मी ज्या पानावर पैसे भरले होते तेच पान. नारिंगी बटण मला लांबूनही दिसलं. त्या म्हणाल्या, “काका, या बटणाच्या खाली बघा.”

मी बघितलं. खाली काही नव्हतं. मी म्हटलं, कोरं आहे. त्या म्हणाल्या, “माझं बोट आहे तिथे बघा.” मला त्यांचं मनगट दिसलं, बांगडी दिसली, पण बोट जिथे टेकलं होतं तिथे ओल्या कागदावर शाई फुटावी तसा राखाडी डाग होता. मी चष्मा काढून पुसला. त्यांनी अक्षर मोठं केलं. डाग तेवढाच राहिला. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आई वाचायला लागली. “विमानतळावर चेक-इन केल्यास प्रत्येक प्रवाशामागे शुल्क आकारले जाईल.” एका दमात. आई, जिला मी चाळीस वर्षं वर्तमानपत्र वाचून दाखवत आलो, जी अजून अक्षरांखाली बोट धरते, तिने ती ओळ अडखळल्याशिवाय वाचली. मी तिच्याकडे मान वळवली आणि तेवढ्यात, डोळ्याच्या कोपऱ्यातून, ती ओळ मला दिसली. पुन्हा सरळ बघितलं, गेली. मान वळवली, आली. मी हे चार-पाच वेळा केलं असेल. ती ओळ पहिल्यापासून तिथे होती. ईमेलातही होती. माझ्या चार पानी पत्रातलं पहिलंच वाक्य खोटं होतं, आणि मी ते शपथेवर सांगायला तयार होतो.

अधिकारी बाईंनी पाण्याचा पेला माझ्या हाताजवळ सरकवला आणि म्हणाल्या, “डोळे शेवटचे कधी दाखवले होते?” मग दाराकडे बघून, आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट म्हणाल्या. “पण काका, तुमच्यासारख्या तक्रारी रोज दहा-बारा येतात. त्यातले बरेचसे तरुण असतात. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नसतं.” आईने त्यांना विचारलं, “मग ही ओळ त्या नारिंगी रंगात का नाही लिहीत?” त्यांनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवून घेतली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चौकटींची एक जाळी दाखवली आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. डाव्या डोळ्याला ठिपका दिसलाच नाही. त्याच्या भोवतीच्या रेघा वाकड्या होऊन एका खड्ड्यात पडत होत्या. उजव्या डोळ्याला ठिपका दिसला, पण त्याच्या कडेच्या रेघा नुकत्याच वाकायला लागल्यात. काळी ठळक अक्षरं तो अजून ओढून नेतो, फिकी मात्र त्यालाही दिसत नाहीत. डॉक्टर तरुण आहेत, पण गोड बोलून फसवणारे नाहीत. पडद्याचा मधला भाग झिजतोय, म्हणाले. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. पण ज्याच्याकडे सरळ बघाल तेच पुसलं जाईल. अक्षरं जातील, चेहरे जातील. डावा गेल्यातच जमा आहे. उजवा किती टिकेल विचारलं, तर म्हणाले, औषध चालू करू, पण गेलेलं परत येत नाही. काही महिने असतील, वर्षही असेल. दोन वर्षं मी शाईला, दुकानदाराला, पाटी लावणाऱ्याला, चष्म्याच्या काचेला दोष देत होतो. बाहेर आल्यावर आईने सांगितलं, की तिला वर्षभरापासून शंका होती. मी चहा कपाच्या बाहेर ओतायचो, तो ती मी बघायच्या आत पुसून टाकायची. का नाही बोललीस, विचारलं तर म्हणाली, “बोलले असते तर तुम्ही माझ्याच डोळ्यांना नावं ठेवली असती.” खरंच ठेवली असती.

कंपनीच्या गोष्टीचा शेवट फार मोठा नाही. मी माझी तक्रार मागे घेतली नाही, पण दुरुस्त केली. सूचना नाही हे खोटं होतं, ते खोडलं. त्या जागी लिहिलं, की सूचना आहे, पण न वाचली जावी अशा रंगात आणि अशा जागी आहे. आणि तुमच्या दारी रोज दहा-बारा धडधाकट डोळ्यांची माणसं हेच सांगत येत असतील, तर त्यांचे डोळे तपासण्यापेक्षा तुमची ओळ तपासा. ते पत्र मी सांगितलं आणि आईने लिहिलं. त्यांनी आईचे भरलेले पैसे परत केले, खास बाब म्हणून. ओळ अजून तिथेच आहे, तशीच फिकी. आईने परवाच बघितली. आम्ही ग्राहक कार्यालयात अर्ज दिलाय, त्याचं काय व्हायचं ते होईल. त्यासाठी मी आता कुठलीही दुसरी गोष्ट अडवून ठेवणार नाही.

आई हे सगळं तुला फोनवर सांगणार होती. मीच थांबवलं. म्हटलं, अजून कागदावर रेघ दिसतेय तोवर माझं मी लिहितो. आठ दिवस लागले. आणि आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. तू रोज बाळाचे फोटो पाठवतेस. आई फोन माझ्यापुढे धरते आणि म्हणते, नाक तुमच्यावर गेलंय बघा, हनुवटी तिची. मी हो म्हणतो. खारे, मी तिची मूठ बघितली आहे, दुपट्याचा काठ बघितलाय, तुझी कोपरं, उशीवरची फुलं, सगळं बघितलंय. तिचा चेहरा मी अजून बघितलेला नाही. फोटोत तो मधोमध असतो, आणि एवढ्याशा चौकोनात उजव्या डोळ्यालाही तो धरता येत नाही. तिला हातात घेऊन, खिडकीच्या उजेडात, अगदी जवळून मला एकदा बघायचंय, डोळ्याच्या कोपऱ्यातून नाही, समोरून. तुझा चेहराही पुन्हा एकदा नीट बघून ठेवायचाय. तू माझ्यावर रागावली आहेस आणि तो राग इतक्यात जाणार नाही, हे मला कळतं. राग गेल्यावर बोलाव, असं म्हणण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. तेव्हा राग असू दे, त्यासकट चालेल. मी येऊ का?

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
तुझाच,
बाबा